साधा हब की पॉवरचा?

सोलापूरच्या नवी पेठेतल्या ज्या दुकानात संघप्रिया निघाली होती, त्याला नेमकं त्याच दिवशी कुलूप होतं. घरी बारसं असल्यामुळं दुकान बंद, असं शटरवर खडूनं लिहिलेलं. कुंभारीहून दोन रिक्षा बदलून आलेल्या माणसानं दुसऱ्याच्या बारशाच्या नावानं बोटं मोडत परत जायचं का? ती दोन दुकानं पुढं सरकली. तिथं एक तरुण लॅपटॉप पालथा घालून त्याच्या पोटात स्क्रू ड्रायव्हर फिरवत बसला होता. मान वर न करताच तो म्हणाला,

"दोन मिनिटं हं मॅडम. याचं बंद करतो, मग तुमचं उघडतो."

"माझं काही उघडायचं नाहीये. मला एकाचे चार करणारं हवंय."

आता मात्र त्यानं वर बघितलं आणि बघतच राहिला. स्क्रू ड्रायव्हर हातातनं सुटून कुठं गेला, ते त्याला पुढं दोन दिवस सापडलं नाही.

"एकाचे चार... म्हणजे यूएसबी हब. साधा देऊ की पॉवरचा?"

"फरक काय?"

"असं बघा की. तुमच्याकडं नळ आहे?"

"नळाचं नाव काढू नका. चार दिवसांनी येतो."

"मग तर लगेच कळेल. नळ एकच, त्याला चार तोंडांची नळी जोडली. पाणी वाढलं का? नाही. तेवढंच पाणी चार घागरींत वाटलं. हा झाला साधा हब. लॅपटॉप देईल तेवढीच वीज सगळ्यांनी वाटून घ्यायची. पॉवरच्या हबाला स्वतःची टाकी. हा ॲडॉप्टर भिंतीतल्या प्लगला लावायचा, की वरनं वेगळी वीज."

"आणि लाइट गेली की?"

"टाकी रिकामी."

"आमच्याकडं दुपारची लाइट असते कुठं! शिवाय बोर्डाला प्लग दोनच. एकावर प्रिंटर, एकावर लॅपटॉप. तुमची टाकी मी कुठं टांगू?"

"एक्स्टेन्शन बोर्ड घ्या की—"

"तुम्ही समजावायला बसलात की विकायला?"

"दोन्हीला. नुसतं समजावून पोट भरत नाही."

संघप्रियाला हसू आलं, पण तिनं ते दाखवलं नाही. पंचवीस वर्षांची ही मुलगी बी.कॉम. होऊन कुंभारीच्या कामगार वसाहतीत सेवा केंद्र चालवत होती. दाखले, अर्ज, लाइट बिलं, सगळं घराला टेकून घातलेल्या एका पत्र्याच्या खोलीत. दुकानदारासमोर हसलं की भाव वाढतो, हे तिला आईनं लहानपणीच शिकवलेलं.

"काय काय लावणार?" त्यानं विचारलं.

"माऊस, कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन."

"माऊसला काय, चिमूटभर लागते. कॅमेऱ्याला मूठभर. अंगठ्याचं मशीन जरा खादाड. तरी तिघांचं साध्यावर भागेल. पण चौथं काही लावू नका. लावायचंच झालं तर आधी मला विचारा."

"तुम्हाला विचारून लावायचं?"

"नंबर बिलावर आहे की. गुरुराज बिराजदार." मग बिल पुढं करत म्हणाला, "नाही चाललं तर परत आणा."

साधा हब पिशवीत टाकून ती निघाली. हब बरोबर निवडला की चूक, हा प्रश्न पुढं उभा राहणार होता. त्या दिवशी तरी दोघांनी मिळून विचार करूनच निवडला होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

चार दिवसांनी ती पुन्हा दुकानात हजर.

"चालत नाही का?" गुरुराज धसकलाच.

"छान चालतोय."

"मग?"

"नाही चाललं तर परत आणा, एवढंच सांगितलं होतंत. चाललं तर काय करायचं, ते सांगितलंच नाही. ते विचारायला आले."

गुरुराजला वायर-बियर सगळ्याचं ज्ञान होतं, पण या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच माहितीपुस्तकात नव्हतं. त्यानं समोरच्या गाड्यावरनं चहा मागवला. चहा येईपर्यंत एक माऊस पॅड, एक केबल आणि अर्धा तास गेला. माऊस पॅडची तिला काडीचीही गरज नव्हती.

पुढं प्रिंटर कागद ओढेना म्हणून तो स्वतः कुंभारीला आला. वसाहतीतली ती एकसारखी घरं, दारादारांत सुपं मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेल्या बाया. संघप्रियाची आई चांगुणाही त्यांतलीच. तिनं पान कापता कापता पाहुण्याला डोक्यापासनं पायापर्यंत मोजलं.

"कुटलं तुमी?"

"सोलापूरचाच, मावशी. मूळ अक्कलकोटकडचे. घरी कन्नड, दुकानात मराठी."

"आन् हितं?"

"हितं... गप बसून काम," तो म्हणाला. चांगुणा गालात हसली. तिनं चहा दिला, वर शेंगाची पोळी दिली. ज्याला नुसता चहा मिळाला तो गिऱ्हाईक आणि ज्याला पोळीही मिळाली तो पाहुणा, एवढं वसाहतीत कुणालाही कळतं.

प्रिंटर दहा मिनिटांत सुरू झाला. त्यानंतरचा पाऊण तास तो का थांबला, ते त्यालाच ठाऊक. पत्र्याखाली बसून संघप्रियाच्या कपाळावरनं घामाचे ओघळ येत होते, ती ओढणीनं टिपत होती आणि तो नको तितकं बघत होता. त्या पत्र्याला पंखा टांगायला हूकच नव्हता.

पुढच्या खेपेला त्यानं खिशातनं तळहाताएवढा हिरवा पंखा काढला. शेपटीला यूएसबीची पिन.

"हे कशाला?"

"फुकट आहे. जाहिरातीचा."

"कुणाची जाहिरात?"

"...माझी."

संघप्रियाचा चेहरा असा तापला, की त्याला एका पंख्यानं काही होणार नव्हतं. गुरुराजनं स्वतःच्या हातानं तो हबच्या चौथ्या भोकात लावला. पातं गरगरलं, तिच्या कपाळावरचे केस उडाले, आणि दोघंही उगाच त्या पंख्याकडं बघत बसले. चौथं काही लावू नका, हे ज्यानं बजावलं त्यालाच त्या क्षणी ते आठवलं नाही. प्रेमात पडलेल्या माणसाची अक्कल गहाण पडते म्हणतात. याची तर पार हरवलीच होती.

त्या दिवसापासनं दुपारी बारा वाजले, पत्रा तापला की पंखा सुरू. लाइट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर तो बिचारा फिरत राही. संध्याकाळी पत्रा निवला तरी संघप्रिया तो बंद करत नसे. त्याची बारीक घरघर ऐकू आली, की आपण एकट्या नाही, असं तिला वाटायचं. तिला तो माणूस आवडायला लागला होता, आणि हे तिनं अजून कुणालाही, अगदी त्यालाही, सांगितलं नव्हतं.

मग नोव्हेंबर उजाडला.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. माणूस जिवंत आहे, हे माणसानं स्वतः सांगून चालत नाही. मशीनवर अंगठा ठेवायचा, आणि मशीनला ओळख पटली की मग माणूस जिवंत. वसाहतीत विडी कारखान्याची पेन्शन घेणाऱ्या म्हाताऱ्या बायका घरटी एक. महिनाअखेरपर्यंत दाखला गेला नाही तर पेन्शन थांबणार. सगळ्यांचा भरवसा संघप्रियावर. आपलीच पोर, आपल्याच गल्लीत, शहरात खेटे घालायला नकोत.

सकाळी येणाऱ्यांचे अंगठे झटक्यात उठत. निवृत्त मास्तर, रेल्वेतले कारकून, होटगीकडचा एक गँगमन, सगळे दहा मिनिटांत मोकळे. पण विडीवाल्या बायका सकाळी कारखान्यात विड्या देऊन, पानं-तंबाखू घेऊन घरी येईपर्यंत बारा वाजायचे. त्या यायच्या दुपारी. आणि त्यांचे अंगठे काही केल्या उठत नव्हते.

"मशीन काय म्हनतंय गं?" चंद्रव्वानं विचारलं. चंद्रव्वा म्हणजे सत्तरीची, एकटी राहणारी, अर्धी कानडी अर्धी मराठी बोलणारी म्हातारी.

"ओळख पटत नाही म्हणतंय, आज्जी."

"अय्यो! चाळीस वर्सं या मातीत काढली, कुत्रीमांजरं वळखत्यात मला. आन् ह्या डबड्याला वळख न्हाय?"

मोबाईलवर चेहरा दाखवून करायची सोय होती, पण संघप्रियाचा फोन ते ॲप उघडलं की गारठायचा. शेजारणीच्या फोनवर करून बघितलं, तर त्यात डोळे मिचकवा म्हणून सूचना येई. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली चंद्रव्वा डोळे मिटायची, ते पुन्हा उघडायचीच नाही.

राहता राहिला अंगठा. आणि विडीवाल्या बाईचा अंगठा उठत नसेल तर सोलापुरात कुणाला नवल वाटेल? चाळीस वर्षं पानाची घडी दाबून दाबून त्यावरच्या रेषा झिजलेल्या असतात, हे शेंबडं पोरही सांगेल. चांगुणानं आपला अंगठा बघून उसासा टाकला. संघप्रियानं रात्री फोनवर गुरुराजला सांगितलं, तर तोही लगेच म्हणाला, "विडीवाल्यांचे ना? मग काय उठणार!" एकालाही मशीनचा संशय आला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हे.

संघप्रियानं इलाज सांगायला सुरुवात केली. लिंबानं धुवा. खोबरेल लावा. आणि चंद्रव्वा तिसऱ्यांदा परत निघाली तेव्हा ती म्हणाली, "आज्जी, आठ दिवस विड्या वळू नका. कातडी जरा भरू द्या."

"मग आठ दिस करू काय?"

"आराम करा की."

म्हातारीला आराम ठाऊक नव्हता. ती आठ दिवस कट्ट्यावर बसून राहिली, तेल लावलेले दोन्ही अंगठे वर करून, कशाला लागू नयेत म्हणून. हाताला काम नसलेली चंद्रव्वा आधी कुणी पाहिलीच नव्हती. येणारीजाणारी विचारी, तर ती म्हणायची, "पोरगीनं सांगितलंय. शिकल्याली हाय ती."

संघप्रियाच्या वहीत परत पाठवलेल्या बायकांची नावं अडतीस झाली.

आठव्या दिवशी चंद्रव्वा रेशनची पिशवी घेऊन दारात उभी राहिली. "पोरी, उटला की गं! रेशनच्या दुकानात पयल्या झटक्यात उटला!"

संघप्रिया आनंदानं उठली. खुर्ची दिली, अंगठा पुसला, काचेवर ठेवला. ओळख पटली नाही. पुन्हा ठेवला. नाही. डावा. नाही. बाजूला हिरवा पंखा मजेत फिरत होता.

"तितं उटतोय, हितं न्हाय," चंद्रव्वा हळूच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच संघप्रियाला जास्त लागलं. तिनं तिथंच गुरुराजला फोन लावला.

"मशीनचा लाल दिवा नीट लागतो का?" त्यानं विचारलं.

"लागतो... म्हणजे लुकलुकतो."

"उद्या दुपारी येतो," तो म्हणाला. "काही हलवू नका. आहे तसं राहू द्या."

सत्तावीस तारखेला तो पॉवरचा हब आणि एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन आला. आधी काहीच बदललं नाही. चांगुणाला बोलावलं, अंगठा ठेवायला लावला. नाही उठला. त्यानं कॅमेरा काढला. नाही. कॅमेरा परत लावून माऊस काढला. तरी नाही. मग त्याचा हात पंख्याच्या वायरीपाशी गेला आणि तिथंच थांबला.

"काढा की," संघप्रिया म्हणाली.

त्यानं पंखा काढला. मशीनचा दिवा ठाम पेटला. चांगुणाचा अंगठा पहिल्या खेपेला उठला. पंखा लावला, दिवा लुकलुकून विझला. काढला, पेटला.

"ऊन लागलं का काय मशीनला?" म्हणत चांगुणा आपल्या सुपाकडं गेली. आत दोघंच राहिली.

"पंखा," गुरुराज म्हणाला. "वीज सगळी तो ओढतोय. अंगठ्याच्या मशीनला उरतच नाही. सकाळी तुम्ही लावत नाही, म्हणून सकाळी चालतं. चौथं लावू नका म्हणून मीच सांगितलं होतं, आणि मीच लावलं. वर तुम्ही विचारलंत तर विडीवाल्यांच्या अंगठ्यांवर ढकलून मोकळा झालो."

संघप्रिया वही उघडून बसली होती. अडतीस नावं. त्यातल्या एकेकीचा हात हातात घेऊन तिनं सांगितलं होतं, मावशी, तुमचाच अंगठा झिजलाय.

"सर्व्हर डाऊन होता म्हणून सांगू," ती म्हणाली. "सगळे तेच सांगतात. कुणी विचारत नाही."

"सांगू शकता."

"तुम्हाला काय वाटतं?"

"माझ्या वाटण्यानं आधीच बरंच बिघडलंय. पण दोष द्यायचाच तर माझ्या माथी मारा. हब मी विकला, पंखा मी दिला."

"आणि चालू कुणी ठेवला?"

दारातनं समोरचा कट्टा दिसत होता. चंद्रव्वा अजून तिथंच बसली होती, रिकामी, अंगठे वर करून. आठ दिवस संपलेत, आता विड्या वळा, हे तिला सांगायचंच राहून गेलं होतं. सर्व्हर डाऊन म्हटलं असतं, तर ही म्हातारी मरेपर्यंत स्वतःच्या अंगठ्याला दोष देत राहिली असती. संघप्रियानं वही मिटली.

"उद्या दुपारी सगळ्यांना बोलावते. तुम्ही या. हे नवं नीट बसवून द्या."

दुसऱ्या दिवशी खोलीत, दारात, कट्ट्यावर बायकाच बायका. गुरुराज टेबलाखाली गुडघ्यांवर बसून एक्स्टेन्शन बोर्ड लावत होता. संघप्रिया उभी राहिली.

"मावश्यांनो, आज्ज्यांनो, तुमच्या अंगठ्यांत काही खोट नव्हती. खोट माझ्या टेबलावर होती. हा पंखा मशीनची वीज खात होता. मी तपासलं नाही. विडीवाल्या बायका म्हटल्यावर अंगठाच झिजला असणार, असं धरून चालले. माझी आई विड्या वळते, तरी मी असं धरून चालले. तुम्हाला खेटे पडले, चंद्रव्वा आज्जीचं आठ दिवसांचं काम बुडालं. माझं चुकलं."

कुजबूज झाली. मायाक्का नावाची एक फटकळ बाई होती, ती पुढं आली. "चुकलं त्ये चुकलं. पन थंडी पडली, पोरी. सांजच्याला आमी शाल घिऊन येतोय, तरी तुझा पंका चालूच! बंद कराय काय हात मोडला हुता?"

आता इथं संघप्रियाला लक्षात राहिलं नाही म्हणून सुटता आलं असतं. कुणी खोलात शिरलं नसतं. पण खरं बोलायचं ठरवलं की अर्ध्यावर थांबता येत नाही, आणि ती तशीही एकदा निघाली की मागं फिरणारी नव्हती.

"हात नाही मोडला," ती म्हणाली. "तो... तो यांनी दिला होता. मला हे आवडतात. म्हणून बंद करवत नव्हता."

टेबलाखाली गुरुराजचं डोकं फळीला आपटलं. बाहेर कुणाच्या तरी सुपातली कात्री पडली. चांगुणा दाराला टेकून उभी होती, तशीच राहिली.

"त्येला सांगितलंस का?" चंद्रव्वानं विचारलं.

"आत्ताच."

सगळ्या बायका एकदम वाकून टेबलाखाली बघू लागल्या. गुरुराज डोकं चोळत बाहेर आला. "मी पण... म्हणजे मलाही—"

"मलाबी काय? नीट बोल की," मायाक्का म्हणाली.

"मला संघप्रिया आवडते," तो म्हणाला. "माऊस पॅडच्या आधीपासनं. पहिल्या दिवसापासनं."

"बरं झालं," चंद्रव्वा खुर्चीत बसत म्हणाली. "आता आदी माजं बगा. पिरेम काय पळून जात न्हाय, तारीख जाती."

नशिबानं त्या दुपारी लाइट होती. नव्या हबवर मशीनचा दिवा लख्ख पेटला. चंद्रव्वानं लुगड्याला अंगठा पुसला आणि ठेवला. पहिल्याच खेपेला ओळख पटली. तिनं तो अंगठा उलटसुलट करून बराच वेळ बघितला, जणू कुणी हरवलेलं परत आलं होतं. मग कुणाला काही न सांगता तिनं तो पदरात झाकून घेतला.

गुरुराजनं संघप्रियाला हलक्या आवाजात समजावलं, की लाइट असताना पॉवरच्या हबवर काहीही लावा. लाइट गेली तर साध्यावर फक्त माऊस आणि अंगठ्याचं मशीन. ती मान डोलावत होती. त्यातलं तिला एक अक्षरही ऐकू येत नव्हतं. इतक्यात चांगुणा आत आली.

"तुज्या आईला ठावं हाय का ह्ये?"

"नाही, मावशी."

"आमी कोन हाय, त्ये ठावं हाय?"

"व्हय. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे की. पहिल्या दिवशीच बघितला."

"तुज्या गळ्यात लिंगायताचं लिंग हाय, त्ये मी बी पयल्याच दिवशी बगितलं. तरी पोळी वाडली." चांगुणानं तंबाखूनं माखलेले हात पदराला पुसले. "माजं काय म्हननं न्हाय. पोरगी शिकल्याली हाय, तिचं तिला कळतं. पन आदी तुज्या आईला सांग. चोरून चाललेलं माज्या दारात चालायचं न्हाय. मागनं माजी पोर रडाय नको."

"आई, आत्ता लगेच कशाला—" संघप्रिया म्हणाली.

"आत्ताच सांगतो," म्हणत गुरुराजनं फोन काढला. गावाचे फोन दुरुस्त करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या फोनचा कानाकडचा आवाज सहा महिने बंद होता, त्यामुळं स्पीकरवर बोलण्यावाचून इलाज नव्हता. "अव्वा," त्यानं आईला हाक मारली आणि पुढं कानडीत बोलू लागला. खोलीत कुणालाच काही कळेना. सगळ्यांनी चंद्रव्वाकडं बघितलं. चंद्रव्वा ताठ बसली. असा मान तिला आयुष्यात मिळाला नव्हता.

"एक पोरगी हाय म्हनतोय, मला आवडती."

तिकडनं एकच शब्द आला, "यारू?"

"कोन, म्हनून इचारती. त्यो सांगतोय... कुंभारीची. केंद्र चालवती. बौद्धाची हाय म्हनला. लपवलं न्हाय काय."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी. संघप्रियानं टेबलाची कड घट्ट धरली होती. तिला वाटलं, आपण सर्व्हर डाऊन म्हटलं असतं तर हे सगळं घडलंच नसतं, आणि त्याच वेळी तिला हेही कळलं, की आपल्याला पश्चात्ताप होत नाहीये.

तिसऱ्या शिट्टीनंतर गुरुराजची आई बोलू लागली. खालच्या आवाजात, थांबत थांबत, बराच वेळ. चंद्रव्वा फोनजवळ सरकून ऐकत होती.

"आज्जी, काय म्हणाल्या?" संघप्रियानं विचारलं.

"म्हनती... तुजा बा असता तर त्येला इचारलं असतं. लोक काय म्हनतील त्ये मला ठावं हाय. मी काय म्हनीन, त्ये मलाच ठावं न्हाय. ऐतवारी पोरीला घरी आन. बगते, मग बोलते." म्हातारीनं संघप्रियाच्या हातावर हात ठेवला. "न्हाय म्हनली न्हाय, बाय. मी कान दिऊन ऐकलंय."

गुरुराजनं संघप्रियाकडं बघितलं. ती आईकडं बघत होती. चांगुणा दोन पावलं पुढं आली आणि फोनजवळ वाकून, हाळी दिल्यागत मोठ्यानं बोलली,

"नमस्कार ताई! मी संघप्रियाची आई. पोरगी एकटी यायची न्हाय. तुमी तिला बगनार, मग मी बी तुमचं घर बगनार. मी बी येते."

कुणाला वाटलं, आता फोन आपटणार. कुणाला वाटलं, चांगुणानं जरा दमानं घ्यायला हवं होतं. गुरुराज तर डोळे मिटूनच उभा होता.

"या," पलीकडनं आवाज आला. या वेळी मराठीत, एकेक शब्द शोधत. "दोघी या. जेवायलाच या. मी... तुमच्यासंगटच बसते."

चांगुणानं नुसती मान हलवली, मग फोनमधनं मान दिसत नाही हे ध्यानात येऊन कसंबसं "येतो" म्हणाली आणि तोंड फिरवून बाहेर गेली. मायाक्कानं तिच्यामागं पाण्याचा तांब्या नेला.

संघप्रियानं वही उघडली. अजून सदतीस नावं बाकी होती, दोन दिवस हातात होते. पुढचं नाव घ्यायला तिनं तोंड उघडलं, पण तिची नजर आई गेली त्या दाराकडंच लागली होती. गुरुराजनं वही तिच्या हातातनं घेतली, खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला आणि पुढचं नाव मोठ्यानं वाचलं.